बिनझाकणाची सरकारी काथवट

ज्या भांड्याला झाकण नाही त्याच्यासमोर गुपितं बोलू नयेत, एवढी साधी गोष्ट. पण ती सरकारला कोण सांगणार? मला झाकण नाही. मी काथवट बोलतेय.

तुमच्याकडे माझ्या बहिणींच्या पोटात भाकरीचं पीठ मळतात. मी फिजीतली. इथे मला तानोआ म्हणतात आणि माझ्यात यंगोना मळतात. यंगोना म्हणजे एका झुडपाचं मूळ. ते वाळवायचं, लोखंडी खलात कुटायचं, फडक्यात बांधून माझ्यातल्या पाण्यात पिळत राहायचं. पाणी गढूळ होतं, चवही गढूळच लागते. मग नारळाच्या करवंटीतून एकेकाला द्यायचं. पिणाऱ्याने आधी टाळी वाजवायची, एका दमात करवंटी रिकामी करायची, वर पुन्हा टाळ्या वाजवायच्या. थोड्या वेळाने जीभ बधिर होते. आणि माणसाची जात अशी विचित्र, की जीभ बधिर झाली की ती खरं बोलायला लागते.

मला घडवलं म्हाताऱ्या पेनीने. लाकूड उत्तम, हात उत्तम, पण माणूस तापट. माझा चौथा पाय कोरताना त्याचं बायकोशी भांडण चालू होतं आणि त्या भरात तो पाय आखूड झाला. डुगडुगणारी काथवट कुठला सरदार घरात ठेवणार? वर्षभर मी पेनीच्या पडवीत पडून होते. कोंबड्या माझ्यात बसायच्या. शेवटी कोणीच घेईना, तेव्हा मला सरकारी नोकरी लागली.

वातुलेमा बेटावरच्या कचेरीत मी रुजू झाले. तिथे माझ्या आखूड पायाचाही बंदोबस्त झाला. माहितीचा कायदा आला तेव्हा राजधानीतून एक जाडशी पुस्तिका आली होती. सरकार काय करतं ते विचारायचा लोकांना हक्क आहे आणि सांगणं कचेरीचं काम आहे, असं त्यात लिहिलेलं. ती सगळ्यांनी वाचावी असा हुकूम होता. हेडक्लार्क सुरुजपालने ती माझ्या पायाखाली घालून पाहिली. नेमकी बसली. तेव्हापासून माझं डुगडुगणं बंद झालं आणि कायद्याचा उपयोग नाही असं निदान मला तरी म्हणता येईना.

हा सुरुजपाल म्हणजे अवलिया. त्याचा पणजा ऊस तोडायला हिंदुस्थानातून आला होता. पणतवाने ऊस सोडला आणि फायलींत शिरला. त्याच्याकडे 'गोपनीय' असा शिक्का होता आणि हात मोकळा होता. हजेरीपटावर शिक्का, भिंतीवरच्या कॅलेंडरवर शिक्का. घरून रोटी-भाजीचा डबा यायचा त्याच्यावरही शिक्का, कारण नाहीतर इसिकेलीसाहेब तो उघडल्याशिवाय राहायचे नाहीत.

इसिकेलीसाहेब कचेरीचे मुख्य. मनाने वाईट नव्हते, हे मी काठोकाठ भरून सांगेन. फक्त कुठलीही गोष्ट आज सांगण्यापेक्षा उद्या सांगावी, आणि उद्या सांगण्यापेक्षा न सांगितलेली बरी, असा त्यांचा स्वभाव. माझ्या कानाला काथ्याची दोरी आहे, टोकाला कवड्या. बैठकीत ती दोरी ज्याच्या दिशेला असेल तो त्या बैठकीतला मोठा माणूस. त्याला सगळ्यांनी मान द्यायचा आणि त्याने विचारलं तर खरं सांगायचं. कचेरीत ती दोरी कायम साहेबांकडे असायची. त्यामुळे साहेबांना कोणी काही विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

आता होडीची गोष्ट सांगते, कारण माझं सगळं आयुष्य त्या होडीने फिरवलं.

वातुलेमाच्या समोर, उथळ पाण्यापलीकडे, नुकुसे नावाचं चिमुकलं बेट आहे. तिथे ना दवाखाना, ना शाळा. म्हणून सरकारने नुकुसेला एक होडी मंजूर केली. ती आलीही. निळीशार, नवी कोरी, सोबत इंजिन, आणि नाकावर लाल फीत. फीत मंत्र्यांनी कापायची होती. त्या दिवशी डुक्कर भाजलं, हार आणले, आणि मंत्र्यांचं विमान आलंच नाही. डुक्कर संपलं, फीत राहिली. पुढची तारीख ठरली तोवर मंत्री बदलले. नव्या मंत्र्यांना लाल रंग चालेना.

दरम्यान वर्ष संपलं. अहवालात साहेबांनी लिहून टाकलं, 'नुकुसेला होडी पोचवली.' खोटं बोलायचा त्यांचा हेतू नव्हता. अहवाल छापून येईपर्यंत होडी पोचेलच असं त्यांना मनापासून वाटलं. अहवाल छापून आला आणि होडी कचेरीच्या मागे नीरफणसाच्या झाडाखालीच. आता पोचवावी तर पोचलेली होडी पुन्हा कशी पोचली असं राजधानी विचारणार. न पोचवावी तर राजधानी काहीच विचारणार नाही. म्हणून होडी गोपनीय झाली.

पण एवढी मोठी होडी लपवायची कुठे? सुरुजपालने डोकं चालवलं. बाहेरून ताडपत्री गुंडाळली, वर पत्र्याचं छप्पर घातलं, आत फळ्या टाकून त्यांवर चटया अंथरल्या. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कचेरीचा मांडव आहे. जागा इतकी छान झाली की दुपारची यंगोनाची बैठक तिथेच बसायला लागली. मध्ये मी, भोवती साहेब, सुरुजपाल आणि दोन शिपाई. इंजिन साहेबांच्या खोलीत मेजपोस घालून ठेवलं होतं, त्यावर फुलदाणी. आलेले लोक फुलदाणीचं कौतुक करायचे.

अशा सुखात असताना एक दिवस सेरेइमा आली.

सेरेइमा नुकुसेच्या बायकांच्या मंडळाची प्रमुख. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून. तिची मुलगी लाइसानी पोटुशी होती, आणि दवाखाना पाण्याच्या या बाजूला. नुकुसेत होडी एकच, चर्चच्या पाळकांची, तीही गळकी. एकाने वल्हवायची आणि दुसऱ्याने बिस्किटांच्या डब्याने पाणी उपसायचं. कळा सुरू झालेल्या बाईला तिच्यात घालायचं म्हणजे दोघांचेही जीव समुद्राच्या हवाली करायचे. लाइसानीची वेळ भरण्याआधी सरकारी होडी मिळवायचीच, एवढंच सेरेइमाच्या डोक्यात होतं.

आणखी एक भानगड होती. साहेबांचं गाव आणि नुकुसे ही तौवू गावं. म्हणजे फार मागे दोघांचा मूळपुरुष एक. तौवू माणसांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, एकमेकांच्या घरातली वाटेल ती वस्तू उचलून न्यावी, आणि ज्याची वस्तू गेली त्याने हसावं, अशी रीत आहे. बदली मागून घेताना साहेबांनी याचा विचार करायला हवा होता.

सेरेइमा रिकाम्या हाताने आली नाही. यंगोनाच्या मुळांची जुडी घेऊन आली आणि रीतीप्रमाणे ती साहेबांसमोर ठेवली. समोर ठेवलेल्या जुडीला हात लावला की पाहुण्याचं म्हणणं ऐकावंच लागतं. साहेबांना हे ठाऊक होतं, पण चांगलं मूळ दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे व्हायचा. तसा तो झाला.

तिने विचारलं, आमची होडी कुठे आहे. साहेबांनी चौकशी चालू असल्याचं सांगितलं आणि सुटलो म्हणून उठू लागले, तोच सुरुजपालने त्यांना खुणावलं. जुडी घेतली होती. आता पाहुणीला करवंटी न पाजता परत पाठवणं म्हणजे साऱ्या बेटावर शेण खाणं. आणि काथवट, म्हणजे मी, मागे होडीत.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं, आणि निमूटपणे सेरेइमाला होडीत आणून बसवलं.

पहिली करवंटी झाल्यावर ती पुन्हा म्हणाली, "काय रे तौवू, तुझ्या डोक्यात नारळाचं पाणी तरी आहे का? एवढी मोठी होडी, आणि कुठे ठेवली ते आठवत नाही?"

"आठवतं की," साहेब म्हणाले. "सुरक्षित जागी आहे. त्याहून जास्त सांगता येत नाही."

"लांब आहे का?"

"लांब असं म्हणता येणार नाही."

"मग जवळ आहे?"

"ते गोपनीय आहे," सुरुजपाल घाईने म्हणाला आणि त्याला ठसका लागला.

मी तुम्हाला काय सांगू. ती त्या होडीत मांडी घालून बसली होती, आणि पायाखाली कायदा दाबून मी तिच्यासमोर बसले होते. मला तोंड एवढं मोठं आहे, पण ते फक्त वरून भरण्यासाठी. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या खेपेला ती लेखी अर्ज घेऊन आली. सुरुजपालने तो दोन्ही हातांनी घेतला, त्यावर 'गोपनीय' शिक्का मारला आणि म्हणाला, आता हा अर्ज तुम्हालाही बघता येणार नाही, काकी. मग पुन्हा जुडी, पुन्हा बैठक. या वेळी करवंटी घेण्याआधी तिने टाळी वाजवली आणि जराशी थबकली. पुन्हा एकदा वाजवली. मग चटईच्या कडेने हात फिरवत म्हणाली, कचेरीची जमीन मोठी गुळगुळीत आहे, आणि कडेला वर वळलेली दिसतेय. साहेब म्हणाले, सरकारी काम पक्कं असतं. मला संशय आला, साहेबांना नाही.

त्यानंतर ती बरेच दिवस फिरकली नाही. लाइसानीचं पोट वाढत होतं म्हणून ऐकलं. साहेब म्हणाले, थकली बिचारी. ते खूश होते, पण पूर्ण खूश नव्हते, कारण तिची मुळं चांगली असायची.

इकडे हवामान खात्याची एक सूचना कचेरीत आली. वर्षातली सगळ्यात मोठी भरती अमुक दिवशी दुपारी येणार, किनाऱ्याजवळच्या लोकांना सावध करा. सुरुजपालने हाताच्या सवयीने तिच्यावर शिक्का मारला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. रेडिओवर ती साऱ्या बेटाने ऐकली. लोकांनी डुकरं टेकडीवर नेऊन बांधली, चटया माळ्यावर टाकल्या. ज्या कचेरीने लोकांना सांगायचं होतं, तेवढीच एक अंधारात राहिली.

त्याच दुपारी सेरेइमा आली. जुडी एवढी मोठी होती की तिच्यात लग्न उरकलं असतं. साहेबांचे डोळे चमकले. शिपायांनी कुटून कुटून घाम गाळला आणि मला काठापर्यंत भरलं.

आमच्याकडे नियम असा: काथवट एकदा भरली की ती रिकामी होईपर्यंत कोणी उठायचं नाही. घराला आग लागली तर उठावं की नाही, याबद्दल जाणत्यांत मतभेद आहेत. पाण्याबद्दल तर कोणी काही बोलूनच ठेवलेलं नाही.

करवंट्या फिरत होत्या. सेरेइमा गप्पा मारत होती, कुणाची कोंबडी कुणी खाल्ली, कुणाच्या सुनेने काय उत्तर दिलं. इतक्यात साहेबांना कुंपणाकडून एक चप्पल येताना दिसली. पाठोपाठ दुसरी आली. दोन्ही त्यांच्याच होत्या.

"पाऊस पडला वाटतं," साहेब जड जिभेने म्हणाले.

सुरुजपालने वर पाहिलं. आभाळ कोरडं होतं. त्याचा जेवणाचा डबा, शिक्क्यासकट, संथपणे बाजूने निघून गेला. त्याने हात पुढे केला, पण उठला नाही. अजून मी अर्धीही झाले नव्हते.

मग जमीन हलली. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा ती जी उचलली गेली ती खाली आलीच नाही. पत्र्याचं छप्पर कलंडून फांद्यांत अडकलं. ताडपत्री सुटून पाण्यावर पसरली. निळा रंग दिसला, आणि नाकावरची ती लाल फीत, मैनांनी कुरतडलेली, वाऱ्यावर फडफडायला लागली.

"भूकंप," साहेब म्हणाले.

"भरती," सेरेइमा म्हणाली. "आणि तुझी कचेरी तरंगायला लागलीय रे, तौवू."

साहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. ते म्हणाले, कचेरीचे मांडव हल्ली असेच बांधतात. एक शिपाई हसला आणि करवंटीआड तोंड लपवून बसला.

सेरेइमाने त्यांच्याकडे लक्षच दिलं नाही. ती वाकली, माझ्या आखूड पायाखाली हात घातला आणि ती पुस्तिका ओढून काढली. झालं. इतक्या वर्षांचा माझा आधार गेला. होडी हेलकावत होतीच, मी डुगडुगले, गर्रकन फिरले आणि थांबले. माझी कवड्यांची दोरी सेरेइमाच्या मांडीवर जाऊन पडली.

सगळे त्या दोरीकडे बघत राहिले. सुरुजपालने हळूच डोक्यावरची टोपी काढली.

"आता सांग," सेरेइमा म्हणाली. तिचा आवाज एरवीसारखा मोठा नव्हता. "आमची होडी कुठे आहे?"

साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या फितीकडे. मग रीतीप्रमाणे टाळी वाजवली आणि मान खाली घालून म्हणाले, "बाई, तुमची होडी इथे आहे. आपण तिच्यातच बसलोय."

"ठाऊक आहे मला. दुसऱ्याच खेपेला कळलं. जमिनीवर बसून वाजवलेली टाळी अशी पोकळ वाजत नाही."

"मग मुकाट्याने न्यायचीत. मी तौवू, हसण्याशिवाय काय केलं असतं?"

"नेली असती. मग ती उचलून आणलेली होडी झाली असती. उद्या माझी लाइसानी तिच्यात बसून दवाखान्यात आली की लोक म्हणाले असते, पाहा, सेरेइमाने पळवलेली. ती आमची आहे, हे तुझ्या तोंडून हवं होतं मला. त्यासाठी तीनदा यावं लागलं, आणि मुळं माझी गेली."

माझ्यातलं पाणी त्या वेळी डचमळलं ते केवळ लाटेने, असं मी म्हणणार नाही.

भरती ओसरायला लागली तशी ओढ लागली आणि होडी कुंपणाच्या दिशेने निघाली. फाटकाच्या खांबाला लाल फीत अडकली, ताणली गेली आणि तुटली. अशा रीतीने होडीचं उद्घाटन एका खांबाच्या हस्ते झालं. 'आत येण्यास मनाई आहे' असं लिहिलेली पाटी पाण्यात डोलत होती, ती सेरेइमाने उचलली आणि त्या पाटीनेच वल्हवायला सुरुवात केली. उतरावं असं कोणाच्या मनात आलं नाही, कारण मी अजून रिकामी झाले नव्हते.

नुकुसेच्या वाळूवर सारं गाव जमलं होतं. लाइसानी पोटावर हात ठेवून सगळ्यांच्या पुढे उभी होती. साहेबांनी समोर एवढी माणसं पाहिली आणि सवयीने भाषण केलं. होडी वेळेवर पोचवल्याबद्दल त्यांनी कचेरीचं अभिनंदनही केलं. गावाने टाळ्या वाजवल्या. लोक चांगले असतात हो, उगाच त्यांना घाबरतात सगळे.

शेवटची करवंटी वाळूवर झाली. मग सेरेइमाने मला काखोटीला मारलं आणि म्हणाली, ही पण ठेवते. साहेब हसले. रीतच तशी होती. पण मला वाटतं, ते थोडे खरेही हसले असावेत. दुसऱ्या दिवशी सुरुजपाल इंजिन घेऊन आला, मेजपोस आणि फुलदाणीसकट, कारण इंजिनाच्या नोंदीत तिन्ही वस्तू एकत्र लिहिल्या होत्या.

लाइसानीला कळा आल्या तेव्हा वारा सुटला होता. पाळकांची होडी असती तर काय झालं असतं, ते बोलायला नको. निळ्या होडीने ती वेळेत पोचली. मुलगा झाला. सेरेइमाने त्याचं नाव इसिकेली ठेवलं. आमच्याकडे ज्याचं नाव बाळाला दिलं त्याने जन्मभर बाळाचे लाड पुरवायचे असतात, म्हणून साहेब आता दर आठवड्याला काहीतरी घेऊन नुकुसेला येतात. तिचा राग अजून गेलेला नाही असं मी समजते.

साहेब येतात त्याला दुसरंही कारण आहे. कचेरीत काथवट नाही. नवी मागवल्याचा कागद राजधानीत विचाराधीन आहे. तेव्हा यंगोना प्यायची तर सगळ्या कचेरीला नुकुसेला यावं लागतं. इथे गावाच्या घरात मी मधोमध असते, भोवती बायका, पोरं, म्हातारे, आणि कचेरीची कामं सगळ्यांच्या देखत बोलली जातात. रस्ता का अडला, औषधं का आली नाहीत, सगळं. माझी दोरी रोज वेगळ्या माणसाकडे असते. सुरुवातीला सुरुजपाल शिक्का खिशात घेऊन यायचा. परवा तो शिक्का छोट्या इसिकेलीच्या तोंडात होता.

होडी पोचल्यावर सुरुजपालने सेरेइमाचा तो अर्ज राजधानीला धाडला होता; गेल्या आठवड्यात तिथून त्याचं उत्तर आलं. बंद पाकीट, वर लाख. ते सुरुजपाल स्वतः घेऊन आला, निळ्या होडीत बसून. सेरेइमाच होडी हाकत होती. पाकीट भिजू नये म्हणून त्याने ते वाटभर डोक्यावर धरलं होतं. वाळूवर उतरून त्याने ते तिच्या हातात दिलं, आणि तिने घरात येऊन सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं: 'आपण विचारलेली होडी सध्या कुठे आहे, ही माहिती देता येत नाही.'

सगळे इतके हसले की मला भरायचं राहूनच गेलं. सेरेइमाने पोच म्हणून सही केली, कागदाची नीट घडी घातली आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवली. पुस्तिका आता बायकांच्या मंडळात वाचायला घेतलीय, तिथे तिचा जास्त उपयोग आहे. ते उत्तर मात्र माझ्या पायाला अगदी मापाचं बसलं. सरकारी कागद आहे, जाड असतो.

मी म्हातारी होत चाललेय. आतून यंगोनाचा पिवळट थर चढलाय, एक भेगही गेलीय. मागणं एवढंच आहे. कुठेही बसा, कचेरीत बसा, मांडवात बसा, आपण कशावर बसलोय ते विचारा. समोरचा म्हणेल, चौकशी चालू आहे. म्हणू दे. माझ्यातलं पाणी गढूळ असतं, आत काय आहे ते वरून कधीच दिसत नाही. पण तळ आहे. तो दिसेपर्यंत उठू नका.